विद्यार्थ्यांचे स्थानिक इतिहासावरील निबंध व त्यांतील आधार

१

पिंपळनेर, साक्री, धुळें या बाजूच्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं स्थानिक इतिहासावर लिहिलेले निबंध गेल्या कांहीं वर्षांत आमच्या अवलोकनांत आले. अशा निबंधांस हल्लीं 'प्रकल्प' म्हणतात, व परीक्षेच्या गुणांत त्यांचा वांटा असतो. गांवचें देऊळ, पडकी गढी, बारव, वीरगळ, जुन्या वाड्यांतील दप्तर, एखाद्या घराण्याचें वतन, असे त्यांचे विषय असतात. विषय चांगले आहेत. मुलें पायपीट करून मजकूर गोळा करतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांस भेटतात, छायाचित्रें घेतात. इतकी हौस व इतकीं साधनें आमच्या अध्यापनकाळीं विद्यार्थ्यांस नव्हतीं. सबब या निबंधांची थट्टा करावी असा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. हेतु एवढाच कीं, त्यांत एक दोष सर्वत्र सारखा आढळतो, तो उदाहरणांनीं दाखवावा, आणि त्याचा संबंध या त्रैमासिकाच्या वाचकांशीं, म्हणजे संशोधक व संग्राहक यांच्याशीं, किती निकटचा आहे हें सांगावें.

दोष आधारांचा आहे. निबंधाच्या शेवटीं 'संदर्भसूची' या मथळ्याखालीं दहा-बारा पुस्तकांचीं नांवें दिलेलीं असतात. आंतील कोणतें विधान कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पृष्ठावरून घेतलें, हें मात्र एकाहि ठिकाणीं सांगितलेलें नसतें. ही सूची लग्नपत्रिकेंतील निमंत्रकांच्या यादीसारखी होते. नांवें सर्वांचीं, पण खर्च कोणीं केला याचा पत्ता नाहीं. कांहीं सूचींत पुस्तकाचें नांव असतें, ग्रंथकाराचें नसतें. कांहींत ग्रंथकार असतो, आवृत्ति नसते. आणि कांहींत 'गॅझेटियर', 'इंटरनेट', 'गांवांतील जाणकार' एवढेच शब्द असतात.

विद्यार्थ्यांस विचारावें तर ते सांगतात कीं, संदर्भ दिल्यानें मोठ्या लेखकांचा मान राहतो व गुण कापले जात नाहींत. दोन्ही कारणें गौण आहेत. इतिहासांत आधार द्यावयाचा तो मानासाठीं नव्हे. लिहिणाराचें विधान खरें कीं खोटें, हें वाचणारास लिहिणाराच्या मदतीवांचून तपासतां यावें, यासाठीं तो द्यावयाचा. ज्या आधारावरून ही तपासणी होऊं शकत नाहीं तो छापलेला असला तरी नसल्यासारखाच होय.

२

पहिलें उदाहरण खानदेशास भूषणभूत अशा विषयाचें घेऊं. चाळीसगांवाजवळील पाटणें येथील भवानीच्या देवळांत एक प्रसिद्ध शिलालेख आहे. तो डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ सालीं विद्वानांच्या नजरेस आणला, व पुढें कीलहॉर्न यांनीं 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडांत त्याचें चिकित्सक संपादन केलें. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. त्यानें आपल्या आजाच्या 'सिद्धान्तशिरोमणि' इत्यादि ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, आणि शके ११२८ सालीं निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास देणगी दिली, असा त्या लेखाचा आशय. लेखांत त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत घराण्याची परंपराहि आहे, आणि शेवटचा भाग त्या काळच्या देशभाषेंत आहे.

आतां आमच्यासमोरील एक निबंध म्हणतो कीं, 'भास्कराचार्यांचा जन्म पाटणें येथें झाला, असें तेथील शिलालेखावरून सिद्ध होतें.' खालीं आधारहि दिला आहे: 'पाटणें शिलालेख.' वरवर पाहणारा संतुष्ट होईल. पण त्या लेखांत भास्कराचार्यांच्या जन्माविषयीं अक्षरहि नाहीं. नातवानें मठ कोठें काढला हें लेख सांगतो. आजा कोठें जन्मला हें सांगत नाहीं. भास्कराचार्यांनीं आपला जन्मशक १०३६ हा, आणि सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड हें आपलें गांव, हीं दोन्ही स्वतःच्या ग्रंथांतच दिलीं आहेत. विज्जडविड म्हणजे पाटण्याचाच परिसर, हा एक तर्क आहे. विद्वानांनीं दुसरेहि तर्क केलेले आहेत. आमचा कल पहिल्या तर्काकडे असो वा नसो, शिलालेखाचा पुरावा एक व त्यावरून बसविलेला तर्क दुसरा, हा भेद निबंधांत पुसला गेला, हें वाईट झालें. विद्यार्थ्यानें 'नातवाचा मठ पाटण्यास होता, असें शिलालेख सांगतो. यावरून घराण्याचें मूळ ठिकाण जवळपास असावें, असें कांहीं विद्वान् अनुमान करतात' असें लिहिलें असतें, तर त्याचें वाक्य लांबलें असतें, पण तें खरें ठरलें असतें.

दुसरें उदाहरण खुद्द पिंपळनेरचें आहे, व तें आमच्या ग्रामस्थांस थोडें बोंचेल. पिंपळनेरच्या नांवानें ओळखला जाणारा एक ताम्रपट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत 'इंडियन अँटिक्वरी'मध्यें प्रसिद्ध झाला. तो सत्याश्रय या चालुक्य राजाच्या नांवावर असून त्यावर शक ३१० घातला आहे. शक ३१० म्हणजे इ. स. ३८८. बदामीच्या चालुक्यांचा पहिला पुलकेशी इ. स. ५४३ च्या सुमारास राज्य करीत होता, हें त्याच्या स्वतःच्या शिलालेखावरून निश्चित आहे. म्हणजे ज्या वंशाचें राज्य अजून दीडशें वर्षें उभें राहावयाचें होतें, त्या वंशाचा राजा येथें दान देतो! यास्तव फ्लीट यांनीं हा ताम्रपट बनावट ठरविला, व त्या निर्णयास आमच्या मतें कोणतीहि हरकत घेतां येत नाहीं.

तथापि 'आमचें गांव सोळाशें वर्षांपूर्वींचें असून चालुक्य राजानें येथें दान दिल्याचा ताम्रपट आहे', असें वाक्य निबंधांतून सांपडतें. येथें आधार खोटा दिला असें म्हणतां येणार नाहीं, कारण ताम्रपट खरोखरच प्रसिद्ध झालेला आहे. पण त्याविषयीं पुढें काय निर्णय झाला, हें पाहिलेलें नाहीं. आधार म्हणजे एकदां छापलेली वस्तु नव्हे. त्या वस्तूवर पुढें झालेली चर्चाहि आधाराचाच भाग होय. शिवाय बनावट ताम्रपटहि इतिहासास निरुपयोगी नसतो. कोणत्या काळीं, कोणत्या हक्कासाठीं कोणास असा लेख रचण्याची गरज वाटली, हा प्रश्न पिंपळनेरच्या इतिहासांत शक ३१० च्या खोट्या अभिमानापेक्षां कितीतरी मोलाचा आहे. त्या विद्यार्थ्याच्या हातीं खरा विषय आला होता. आधार अर्धवट पाहिल्यामुळें तो निसटला.

गॅझेटियरचें उदाहरण थोडक्यांत सांगतों. खानदेशचें जुनें इंग्रजी गॅझेटियर १८८० सालचें आहे. त्या वेळीं सर्व खानदेश हा एकच जिल्हा होता, व पिंपळनेर हें गांवाचें तसेंच पोटविभागाचेंहि नांव होतें. पुढें १९०६ सालीं जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. स्वातंत्र्यानंतर जळगांव जिल्ह्याचें गॅझेटियर १९६२ सालीं व धुळें जिल्ह्याचें १९७४ सालीं निघालें, आणि १९९८ सालीं नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून निराळा झाला. तेव्हां 'गॅझेटियरवरून' एवढेंच लिहिल्यानें काय बोध व्हावा? एका निबंधांत पोटविभागाची लोकसंख्या गांवची म्हणून उतरली आहे, आणि त्यावरून गांव पूर्वीं फार मोठें असून पुढें ओस पडलें, असा सिद्धान्तहि काढला आहे. सालासह व पृष्ठासह आधार द्यावयाचा नियम पाळला असता, तर पृष्ठ पुन्हां उघडावें लागलें असतें व चूक लेखकाच्याच ध्यानांत आली असती.

तसाच प्रकार कालगणनेचा. मोडी कागदावर नुसतें 'सन ११७०' असें असलें, तर सुहूर गणनेनें तें इ. स. १७६९-७० येतें, व दक्षिणी फसली गणनेनें १७६०-६१. पहिलें पानिपतानंतरचें आहे, दुसरें पानिपताच्या ऐन वेळचें. एका विद्यार्थ्यानें तें सरळ इसवी सन मानून यादवकाळांत नेऊन ठेविलें. कागदावर असलेला आंकडा जसाच्या तसा एका बाजूस व स्वतः केलेलें रूपांतर दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी केली, तर रूपांतर चुकलें तरी दुसरा कोणी तें सुधारूं शकतो. मूळ आंकडा टाकून दिला म्हणजे तो मार्ग बंद होतो.

३

'संदर्भ देण्याची ही पद्धति पाश्चात्त्यांची; आपल्याकडे ज्ञान सर्वांचें मानीत', असें एक समर्थन शिक्षकांच्या तोंडूनहि ऐकूं येतें. संस्कृत ग्रंथांशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांस हें पटणार नाहीं. मल्लिनाथानें काव्यांवरील टीकांच्या आरंभींच प्रतिज्ञा केली आहे कीं, ज्यास मूळ नाहीं असें आपण लिहिणार नाहीं, व ज्याची अपेक्षा नाहीं असें बोलणार नाहीं. ही प्रतिज्ञा पुढें इतिहाससंशोधकांनींहि आपली मानली. कोशाचा अर्थ दिला तर कोशकाराचें नांव, व्याकरणाचा आधार घेतला तर सूत्र, असें त्याचें वर्तन आहे.

धर्मशास्त्राच्या निबंधकारांची पद्धति तर याहून कसोशीची. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें 'चतुर्वर्गचिंतामणी'त वचनामागून वचन दिलें आहे, पण कोणतें वचन कोणत्या पुराणांतलें वा स्मृतींतलें हें सांगितल्यावांचून तो सहसा पुढें जात नाहीं. आणि त्याच्या मागून आलेले ग्रंथकार, उदाहरणार्थ १६१२ सालीं 'निर्णयसिंधु' पुरा करणारा कमलाकरभट्ट, 'हेमाद्रौ भविष्ये' अशा धर्तीचा निर्देश करतात. याचा अर्थ असा कीं, वचन भविष्यपुराणाचें, पण तें हेमाद्रीच्या ग्रंथांत आलें आहे. मूळ पुराण आपण उघडलें नसून मध्यस्थावरून घेतलें, हें दोन शब्दांत प्रांजळपणें सांगण्याची सोय त्यांनीं करून ठेविली. आजचा विद्यार्थी एखाद्या चरित्रांत वाचलेल्या पत्राचा उतारा घेतो, आणि आधार देतांना मूळ पत्रसंग्रहाचें नांव लिहितो. पत्रसंग्रह त्यानें डोळ्यांनीं पाहिलेला नसतो. चरित्रकाराच्या हातून एखादा शब्द चुकला असेल, तर ती चूक आतां पत्रसंग्रहाच्या माथीं बसते. 'अमुक पत्र, अमुक चरित्रांत उद्धृत' एवढें लिहिण्यांत कमीपणा कसला?

जुन्यांचे गुण सांगतांना त्यांचे दोष झांकूं नयेत. 'केचित्', 'अन्ये', 'अपर आह' अशा शब्दांनीं प्रतिपक्षाचें मत मांडून त्याचें नांव न सांगण्याची चाल आपल्या शास्त्रग्रंथांत फार आहे. त्या काळच्या गुरुमुखानें शिकणाऱ्या शिष्यास 'केचित्' म्हणजे कोण हें ठाऊक असे. परंपरा तुटल्यावर आज तें शोधून काढण्यांत पंडितांचीं आयुष्यें गेलीं. विद्यार्थ्यांच्या निबंधांतील 'इतिहासकारांच्या मतें' आणि 'असें म्हटलें जातें' हे त्याच 'केचित्'चे वंशज होत. फरक एवढाच कीं, येथें इतिहासकार कोण हें लिहिणारासहि ठाऊक नसतें.

पोथ्यांचे संग्राहक आणखी एक गोष्ट जाणतात. लेखक, म्हणजे नक्कल करणारा, पुष्पिकेंत आपलें नांव, गांव, शक, तिथि देतो, आणि जसें पुस्तक पाहिलें तसेंच उतरलें, शुद्धाशुद्धाचा दोष आपणांस देऊं नये, अशी विनंति करतो. आपण नक्कलकार आहोंत हें तो लपवीत नाहीं. उतारा करणें हें पाप नव्हे. आपल्याकडील विद्या उताऱ्यांवरच जगली. उतारा स्वतःची रचना म्हणून पुढें करणें, हा दोष. आणि पुष्पिकेंतहि एक उणीव बहुधा राहते, ती ही कीं, समोरची मूळ प्रत कोणाच्या घरची होती, हें तो सांगत नाहीं. त्या एका उणिवेमुळें पाठपरंपरा लावतांना संपादकांस किती कष्ट पडतात, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

४

इतिहासांत आधारांची मागणी करण्याचा मोठा उपक्रम आपल्याकडे एका तरुणाच्या निबंधानेंच झाला, हें विद्यार्थ्यांस मुद्दाम सांगण्यासारखें आहे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं निघाला. कॅप्टन केपन यांनीं केलेलें त्याचें भाषांतर 'मराठ्यांची बखर' या नांवानें महाराष्ट्रांत रूढ झालें, व बराच काळ तें प्रमाण मानलें गेलें. १८६७-६८ च्या सुमारास पंचविशीच्या आंतल्या नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं त्यावर टीकात्मक निबंध लिहिला. तो 'विविधज्ञानविस्तारां'त प्रसिद्ध झाला. डफच्या ग्रंथांत टिपा नव्हत्या असें नाहीं. पुष्कळ होत्या, व आपण जमविलेल्या कांहीं कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेविल्याचेंहि तो सांगतो. पण ते कागद पुढील अभ्यासकांच्या हातीं लागेनात, तेव्हां त्या टिपांचें मोल काय राहिलें? कीर्तने यांच्या निबंधापासून डफ कोणत्या साधनांवर लिहितो, कोणतीं साधनें त्यास मिळालीं नाहींत, व मिळालेलीं आज कोठें आहेत, हे प्रश्न मराठी वाचकांपुढें आले. कीर्तने नुसती टीका करून थांबले नाहींत. चिटणिशी बखरी त्यांनीं संपादून प्रसिद्ध केल्या.

त्याच मार्गानें पुढें कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गेले. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, व एकंदर बावीस खंड प्रसिद्ध झाले. उत्तरकालीन बखरींपेक्षां समकालीन पत्राचें प्रामाण्य अधिक, हा त्यांचा सिद्धान्त आज सर्वमान्य आहे. पण त्याहून साधी अशी एक गोष्ट आहे कीं, त्यांनीं पत्रांस लेखांक दिले. 'राजवाडे, अमुक खंड, अमुक लेखांक' एवढें म्हटलें कीं धुळ्याचा, पुण्याचा किंवा तंजावरचा अभ्यासक तेंच पत्र उघडतो, आणि राजवाड्यांचा निष्कर्ष न पटला तर त्याच पत्रावरून त्यांच्याशीं भांडतो. स्वतःविरुद्ध शस्त्र दुसऱ्याच्या हातीं देणें, हें आधार देण्याचें खरें स्वरूप आहे. सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९३४ या काळांत निघालेल्या पेशवेदप्तराच्या पंचेचाळीस भागांचा उपयोगहि याच सोयीमुळें होतो.

राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ १९२७ सालीं तेथेंच स्थापन झालें. खानदेशांत त्यांच्याविषयीं आदर अपार आहे, व आमचाहि आहे. म्हणूनच पुढील गोष्ट आम्ही टाळीत नाहीं. १९०९ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरीची एक प्रत छापून प्रसिद्ध केली. ती एकनाथांनीं केलेल्या शुद्धीकरणाच्या पूर्वींची आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें, व तिच्या भाषेवर त्यांनीं ज्ञानेश्वरीचें व्याकरणहि रचलें. भाषाभ्यासाच्या दृष्टीनें ही मोठी कामगिरी. परंतु ती मूळ पोथी पुढें अभ्यासकांस उपलब्ध झाली नाहीं. त्यामुळें तिचा कागद, अक्षरवळण, शाई, हांशिये, पुष्पिका यांवरून तिचें वय स्वतंत्रपणें ठरविण्याचा मार्ग राहिला नाहीं. छापील पाठ आहे, भाषेचा अंतर्गत पुरावा आहे, संपादकाचा शब्दहि आहे, पोथी नाहीं. एवढ्या अधिकारी पुरुषाच्या बाबतींतहि मूळ साधन नाहींसें होतांच वाद निकालांत निघत नाहीं, तर बारावींतील विद्यार्थ्याच्या 'आमच्या गांवच्या जुन्या कागदा'ची काय कथा!

याच्या उलट धुळ्याचेंच दुसरें उदाहरण समर्थवाग्देवता मंदिराचें. कै. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थसंप्रदायाच्या मठामठांतून बाडें व पोथ्या मिळवून त्या धुळ्यास एकत्र ठेविल्या. त्या संग्रहासाठीं १९३५ सालीं हें मंदिर उभें राहिलें. देवांचीं सर्व मतें मान्य करावींत असें नाहीं. शिवाजीमहाराज व समर्थ यांची प्रथम भेट केव्हां झाली, या वादांत त्यांचा पक्ष १६४९ चा, तर चांदोरकर यांनीं १९०६ सालीं पत्रांच्या आधारें १६७२ चा पक्ष मांडला, आणि तो वाद आजहि वाचनीय आहे. वाचनीय कां? तर दोन्ही पक्षांनीं आपापले कागद पुढें केले. ज्यास निर्णय करावयाचा असेल तो त्या कागदांकडे जाऊं शकतो.

५

आतां शासनाच्या उपायाविषयीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें वाङ्मयचौर्य रोखण्यासाठीं २०१८ सालीं नियम केले. त्यांत साम्याचें प्रमाण शेंकड्यांत मोजण्याची योजना आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्यास दंड नाहीं. दहा ते चाळीस टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आंत सुधारून पुन्हां सादर करावयाचें. चाळीस ते साठ असल्यास एक वर्षपर्यंत सुधारलेली प्रत सादर करण्यास मनाई. साठांवर नोंदणीच रद्द. आधार देऊन घेतलेले उतारे, संदर्भसूची, आणि सामान्य ज्ञानाचे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे मोजणींतून वगळतात.

चोरी उघडकीस यावी हें योग्यच. पण या मोजणीनें विद्यार्थी काय शिकले हें पाहावें. ते शब्द बदलावयास शिकले. 'राज्य केलें' याचें 'सत्ता गाजविली' करावें, वाक्य उलटें फिरवावें, कीं यंत्र स्वस्थ राहतें. मजकूर परक्याचाच, आधार नाहींच, फक्त साम्य उतरलें. उलट ज्यानें सनदेंतील ओळी अक्षरशः उतरल्या तो साम्य वाढेल म्हणून भितो, वास्तविक सनद अक्षरशःच उतरली पाहिजे. आणि पाटण्याच्या शिलालेखांत जें नाहीं तें आहे म्हणून लिहिणारा निबंध या परीक्षेंत शून्य टक्के साम्यानें उत्तीर्ण होईल. शब्द कोठून आले हें यंत्र पाहतें. आधार विधानास धरून आहे कीं नाहीं, हें पाहणें माणसाचें काम आहे. वाड्यांतील मोडी दप्तर तर कोणत्याहि यंत्रांत नाहीं.

२०२२ च्या अखेरीपासून आणखी एक भर पडली आहे. प्रश्न टाकतांच निबंध लिहून देणारीं संगणकयंत्रें आतां प्रत्येक खिशांत आलीं. हीं यंत्रें मागाल तितके संदर्भ देतात, आणि त्यांतील कांहीं ग्रंथ कधीं लिहिलेच गेलेले नसतात. राजवाड्यांनीं कधीं न लिहिलेलें पुस्तक प्रकाशनवर्ष व पृष्ठांकासह आम्हीं एका सूचींत वाचलें. नुसतें खडसावून हें थांबणार नाहीं. उपाय जुनाच आहे: परीक्षकानें सूचींतील कोणतेहि तीन आधार निवडावे, व विद्यार्थ्यास ते आपल्यासमोर उघडून दाखविण्यास सांगावें. पुस्तक, प्रत, छायाचित्र, कांहींहि असो. तोंडी परीक्षेंतील दहा मिनिटें यास पुरतात. ज्यानें वाचलें आहे तो तें पृष्ठ चटकन काढतो.

६

येथवर विद्यार्थ्यांविषयीं झालें. आतां आपणा सर्वांविषयीं, कारण दोषाचें मूळ पुष्कळ अंशीं आपल्याकडे आहे.

आमच्यासमोरील एका निबंधांत एका मोडी कागदाचें छायाचित्र आहे. वरचा भाग, म्हणजे जेथें मायना व सन असावयाचा तो, चौकटींत आलेला नाहीं. पाठीमागची बाजू घेतलेली नाहीं, त्यामुळें शिक्का-मोर्तब होतें कीं नाहीं हें कळत नाहीं. खालीं लिहिलें आहे: 'आमच्या परिसरांतील एक जुना कागद.' दिसणाऱ्या ओळींत पाण्याच्या पाटाच्या पाळीविषयीं तंट्याचा मजकूर आहे. पांझरेच्या कांठच्या फड-पद्धतीचा विचार करणाऱ्यास अशा कागदाची किंमत काय वाटेल, हें सांगावयास नको. पुढें तो वाडा पाडला गेला व दप्तर रद्दींत गेलें. आज त्या कागदाचें जगांत एवढेंच अर्धें चित्र उरलें आहे, आणि तें कोणत्या गांवचें, कोणाच्या घरचें, हें सांगणारी एक ओळहि त्याखालीं नाहीं. विद्यार्थ्यानें दोन मिनिटें खर्चून ती लिहिली असती, तर हा निबंध परीक्षेच्या गठ्ठ्यांतून उचलून संशोधकाच्या मेजावर ठेवण्याच्या योग्यतेचा झाला असता.

पण त्यास हें सांगितलें कोणीं? संग्राहक आपल्याकडील कागदाचें चित्र मुलांस मोठ्या उदारपणें देतात. कोठून मिळाला हें विचारलें तर हंसून विषय बदलतात. दुसऱ्या संग्राहकास सुगावा लागूं नये, ही त्यांची भीति आम्ही समजूं शकतों. घराण्याची इच्छा नसेल तर नांव प्रसिद्ध करूं नये, हेंहि मान्य. तथापि नोंद करणें वेगळें व प्रसिद्ध करणें वेगळें. संग्रहाच्या वहींत मूळ ठिकाण लिहून ठेवलें, आणि निबंधांत 'खाजगी संग्रह, रुमाल ४, कागद १७' इतकेंच दिलें, तरी उद्यां तपासणाऱ्यास दार उघडें राहतें. आणि या पानांतूनहि 'आमच्या संग्रहीं असलेल्या एका पत्रावरून' असें लिहून मोठमोठे सिद्धान्त मांडण्याची संवय सुटलेली नाहीं. वडील मंडळी 'एका पत्रावरून' लिहितात, तर धाकट्यांनीं 'एका जुन्या कागदावरून' लिहिलें म्हणून त्यांचे गुण कां कापावे?

यास्तव आमची सूचना व्यवहाराची आहे. हस्तलिखित कागदाचा आधार देतांना सहा गोष्टी लिहाव्या: कागद कोणाच्या संग्रहांतला व कितवा, कोणीं कोणास लिहिला, कागदावरील मिति जशीच्या तशी व तिचें रूपांतर, अस्सल कीं नक्कल, मोडी स्वतः वाचली कीं दुसऱ्याच्या बालबोध उताऱ्यावरून घेतलें, आणि पाहिल्याचा दिवस. शिलालेखाच्या बाबतींत दगड पाहिला, ठसा पाहिला, कीं छापील वाचन पाहिलें, हें सांगावें. तोंडी माहितीस सांगणाराचें वय, त्याचा त्या घटनेशीं संबंध, व त्यानें स्वतः पाहिलें कीं वडिलांकडून ऐकलें, हें लिहावें. त्याची संमति नसेल तर नांव गाळावें. छापील पुस्तकास ग्रंथकार, आवृत्तीचें साल व पृष्ठ. संगणकावरील मजकुरास तो केव्हां पाहिला ती तारीख, कारण तेथील मजकूर रात्रींतून बदलतो. आणि हे आधार निबंधाच्या शेवटीं एका गांठोड्यांत न बांधतां, ज्या विधानास लागतात त्या विधानाशेजारीं द्यावे.

शिक्षकांनीं निबंधाची लांबी कमी करावी. चाळीस पृष्ठांच्या निराधार मजकुरापेक्षां एका सनदेचें चार पृष्ठांचें साधार वाचन शतपट बरें, व त्यास गुणहि तसेच द्यावे. संग्राहकांनीं आपल्या दप्तरांस क्रमांक घालावे. पावसाळा लागला म्हणजे कसर व वाळवी कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाहींत. तेव्हां ज्येष्ठापूर्वीं प्रत्येकानें निदान एक रुमाल सोडून त्यांतील कागद मोजावे, क्रमांक घालावे, व ती यादी गांवच्या शाळेंतील एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याकडून दोन प्रतींत लिहून घ्यावी. एक प्रत घरीं ठेवावी, दुसरी मंडळाकडे पाठवावी. त्या मुलाचा त्या वर्षाचा निबंध म्हणून ती यादीच मान्य करण्यास कोणत्याहि शहाण्या परीक्षकाची हरकत असूं नये.